आमची वाटचाल : उजनीकाठचा तवा

1998 साली पुणे-सोलापूर रस्त्यालगत, भिगवणच्या अलीकडे, चार बाकडी आणि एक बिडाचा तवा मांडून आम्ही मासळीची खानावळ सुरू केली. पुढची सतरा-अठरा वर्षे तवा तापत राहिला, गिऱ्हाईक जेवून जात राहिले.

सांगायचे आहे ते 2016 सालचे. त्या उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले. पाणी आटू लागले की मासा डोहात गोळा होतो आणि प्रथम जाळी भरभरून येतात, म्हणून आरंभी आम्हीही खूश होतो. परंतु त्याच दिवसांत बारीक आसाचे, म्हणजे बारीक भोकांचे, वडाप जाळे ओढणाऱ्यांनी बोटाएवढी पिल्लेही उपसून नेली, आणि पुढे धरण भरले तरी वजनाची चिलापी (तिलापिया मासा) आमच्या हाती लागेना. नेमके तेव्हाच आमच्या जवळ एक मोठे हॉटेल उभे राहिले. पाटीवर ‘उजनीची ताजी मासळी’ आणि आत बर्फातला पंगस मासा, कातडे सोलून, कटला म्हणून वाढलेला! पंगसात बारीक काटे नसतात, त्यामुळे ‘तुमच्या माशात काटे फार’ असे आम्हालाच सुनावून जुनी गिऱ्हाइके तिकडे वळली. कटल्यात काटा नसेल तर तो कटला नव्हे, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. त्या वर्षी घरातले डाग सोनाराकडे गेले. त्यातली एक जोडी अजून सुटलेली नाही.

आम्ही तगलो ते मासे धरणाऱ्या नानांमुळे. त्यांची आमची भागीदारी कागदावर कधीच नव्हती. सांजेला कंडाळ, म्हणजे मासे अडकवायची जाळी, सोडायची, पहाटे काढायची आणि माशांची पहिली पाटी आमच्या दारात उतरवायची, हा त्यांचा नेम होता. त्या हॉटेलवाल्यांनी किलोमागे जादा दर देऊ केला, तरी तो मोडला नाही. एका पहाटे ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या तीनच चिलाप्या घेऊन ते आले आणि वजनकाटा लावू न देता, चहाही न घेता निघून गेले.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चिलापीला चिखलाचा वास येतो अशी तक्रार करणारे लोक खवले काढतात, परंतु पोटातला काळा पडदा तसाच ठेवतात. तो बोटाने खरवडून काढावा, मासा जाड्या मिठाने आणि चिंचेच्या कोळाने चोळून धुवावा, मगच तिरक्या चिरा देऊन लसूण-मिरचीचे वाटण भरावे. तव्यावर टाकल्यावर उलथने हातात घेऊन घाई करू नये. खालची बाजू खरपूस झाली की मासा आपणहून तवा सोडतो. आणि बिडाचा तवा साबणाने घासू नये, हे आमच्या सुनेलाही अद्याप पटलेले नाही.

ते हॉटेल आजही चालते, पाटीही तीच आहे. आमच्याकडे नानांची पाटी रिकामी आली की फळ्यावर खडूने ‘आज मासे नाहीत’ असे लिहितो. तरीही दोन-चार ट्रकवाले बसतातच, आणि त्यांच्यासाठी त्याच तव्यावर भाकरी टाकून पिठले करतो.