बोकडाला नाव ठेवू नये

शनिवारी रात्री जेवणं उरकली की लेक टीव्हीवर भुताखेताचा सिनेमा लावते. लावण्याआधी तिची एकच चौकशी असते, "पप्पा, ह्यात कुत्रं मरतंय का?" माणसं किती मरतात, हे ती विचारत नाही. मीही नाही. ओसाड बंगल्यात राहायला आलेल्या कुटुंबाबरोबर कुत्रं दिसलं की आमचा सगळा जीव त्या कुत्र्यात. आपल्याकडच्या सिनेमांत निदान सुरुवातीला पाटी येते, कुठल्याही प्राण्याला इजा केलेली नाही. ती वाचून लेक उशी घेऊन निवांत होते.

१९७४ सालचा 'द टेक्सस चेनसॉ मॅसॅकर' मात्र मी एकट्यानेच बघितला, आवाज बारीक करून. व्हॅनमधून पोरंपोरी चाललेली. एक जण कत्तलखान्यात गुरं हातोड्याने कशी मारायचे, ते अगदी रंगवून सांगतो. एक पोरगी कळवळते, खाण्यासाठी जनावरं मारू नयेत म्हणते. दुसरी म्हणते, मला मांस आवडतं, विषय बदल. पुढे हुकाला टांगली जाते ती कळवळणारी, आणि मांस आवडणारी सुटते! हा सिनेमा मुळात मांसाबद्दलच आहे, असं दिग्दर्शक टोबी हूपर सांगायचे. तो करताना त्यांनी स्वतः मांस सोडलं होतं म्हणे.

मी काही सोडलं नाही. सोलापुरात रविवारी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि त्यात चुरायला कडक भाकरी नसेल, तर घरात सुतक असल्यासारखं वाटतं.

आमची आजी जत्रेसाठी बोकड पाळायची. त्याला दाणे घाला, पाठीवर बसा, काय वाट्टेल ते करा, पण नाव ठेवायचं नाही. एकदा भावाने 'राजा' म्हणून हाक मारली तर पाठीत धपाटा बसला. त्या वर्षी भाऊ रस्सा न खाताच झोपला. भीतिपटात आधी मरणाऱ्यांची नावं आपल्या लक्षात राहत नाहीत, ते बहुतेक आजीच्याच नियमाने.

परवाच्या रविवारी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. वर हुकाला दोन सोललेली, खाली खुंटीला एक बांधलेलं. पुढच्या गिऱ्हाइकाचं पाचेक वर्षांचं पोरगं त्याला पिशवीतली कोथिंबीर भरवत होतं. "खा मोती, खा की."

दुकानातल्या मामांचा सुरा थांबला. पोराच्या बापाकडे बघत ते हळूच म्हणाले, "त्याला जरा तिकडं घेऊन जावा की ओ."

बाप पोराला घेऊन बाजूला झाला. माझा नंबर पुढे सरकला.