थोमा गटाचा चहा

दिवाळीच्या सुट्टीत मावसबहिणीचा फोन आला, "ताई, चर्चच्या मंडळीचं युवा शिबिर आहे. स्वयंपाकघरात माणूस कमी पडतंय, येतेस का?" दुसऱ्या दिवशी नगरहून निघाले. वाघोलीच्या कोंडीत एसटी पाऊण तास जागची हलली नाही. इतका वैताग आला की पुन्हा या रस्त्याला यायचं नाही असं ठरवलं. पण पुण्यात गुरुवार पेठेजवळच्या त्या शाळेत शिरले, साठ पोरांचा गलका कानावर आला आणि शीण कुठल्या कुठे गेला.

मुलांचे गट येशूच्या शिष्यांच्या नावाचे होते: पेत्र, योहान, आंद्रिया, थोमा. थोमा कुणालाच नको! येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय तो पुन्हा उठला यावर विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य तो. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि सकाळच्या चहाला माझ्या हाताखाली नेमका तोच गट आला.

पहिल्याच दिवशी गाळणं फाटलं. समोरच्या वाड्यातल्या आजी दारात रांगोळी काढत होत्या, त्यांनी न मागता आपलं मोठं गाळणं आणून दिलं. चहा उतरवणार तेवढ्यात दहावीतला एक पोरगा म्हणाला, "काकू, साखर टाकलीत ना?"

"टाकली रे."

"बघू." त्याने बशीत ओतून, फुंकर घालून एक घोट घेतला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. तेव्हापासून थोमाने चाखल्याशिवाय पातेलं बाहेर न्यायचं नाही असा नेमच पडला. तिसऱ्या दिवशी खरंच साखर राहिली होती. मला वाटलं बहिणीने टाकली, तिला वाटलं मी. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तसे ते आत आले. "सलाम ताई! आज जेवणाला पहिली पंगत थोमाची." त्या पोरांचे चेहरे बघायला हवे होते.

रात्री झोप मात्र नाही. एकपर्यंत ढोलकी वाजायची आणि डास वेगळेच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांना पंचहौदाला नेलं. 1885 सालचं पवित्र नाम देवालय, शेजारी वेगळा उभा घंटामनोरा, त्यात आठ घंटा. पायऱ्यांवर बसून पाळकसाहेबांनी 1890 सालची गोष्ट सांगितली. इथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली बरीच मोठी मंडळी आली होती. नंतर चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. रानडे, टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

"चहासाठी?" थोमा गटातली एक मुलगी म्हणाली. "माझी मैत्रीण तर रोज माझ्या डब्यातलं खाते."

मला एकदम आजी आठवली. गावात तिच्यासाठी एका घरी गोठ्याच्या कोनाड्यात कानतुटका कप वेगळा ठेवलेला असायचा. चहा पिऊन झाला की तिनेच तो विसळून पालथा घालायचा. हे ती आम्हाला सांगायची तेव्हा हातातली कपबशी खाली ठेवून सांगायची. त्या पायऱ्यांवर मी ते मुलांना सांगितलं. ढोलकीवाला पोरगासुद्धा मान खाली घालून ऐकत होता. परतताना कुणी फारसं बोललं नाही, रात्री ढोलकीही वाजली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुलांनी मला पातेल्याजवळ येऊच दिलं नाही. आलं त्यांनीच ठेचलं, गवती चहा कुठून आणला देव जाणे. मी धुतलेलं गाळणं परत द्यायला निघाले, तर दोघं मागोमाग आले, हातात झाकलेला कप. आजी उंबऱ्यातच बसल्या होत्या.

"साखर आहे ना रे?"

"चाखलाय आजी, दहा जणांनी."

आजींनी पदराने कप धरला आणि फुंकर घातली.