टेलोमरेज, एचपीव्ही आणि आपल्या हातातली वर्षं

गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या रिपोर्टवर 'सीआयएन थ्री' (म्हणजे तिथल्या पेशींत झालेले गंभीर बदल) दिसलं की घरात रडारड सुरू होते, पण तो कॅन्सर नसतो, आधीची पायरी असते, आणि हा फरक फार मोठाय.

क्रोमोसोमच्या टोकांना टेलोमियर असतात, पेशी दुभागली की दरवेळी थोडे झिजतात आणि एका टप्प्यावर पेशी थांबते. टेलोमरेज हे एन्झाइम ती टोकं परत वाढवतं, पण आपल्या बहुतेक पेशींत ते जवळजवळ बंदच असतं. एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार नेमके इथे घुसतात, त्यांचं ई६ प्रोटीन टेलोमरेज चालू करतं वर पेशीला लगाम घालणाऱ्या पी५३ या प्रोटीनचाही काटा काढतं, मग पेशीला आवरणार कोण? म्हणून निरोगी गर्भाशयमुखात हे एन्झाइम कमी, सीआयएन थ्रीसारख्या हाय ग्रेड बदलांत जास्त आणि कॅन्सरमध्ये तर बहुतेक वेळा सापडतंच.

पण हे सगळं व्हायला वर्षं लागतात हो, म्हणजे तपासणीने वेळीच पकडता येतं! टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, ४ टक्के ॲसिटिक ॲसिड कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, बस. ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकाच हे करायच्या, आणि तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. माझी मामी "मला काही त्रास नाही गं" म्हणत टाळत होती, शेवटी मीच घेऊन गेले. तिशी ओलांडली असेल तर काही दुखत नसतानाच जा बायांनो, आणि मुलींना एचपीव्हीची लस द्या.