नाशिकमध्ये स्नोबोर्डचा कोअर: पावसाआधी काय उरकायचं

बोर्ड 156 सेंमीचा, कमरेला, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी, 252 मिमी. पॉपलरचा कोअर, म्हणजे बोर्डाच्या आतलं लाकूड, मध्यात 7.2 मिमी जाड, टोकांना 2 मिमी. चिकटवणी, प्रोफाइल (जाडीचा उतार) आणि इन्सर्टची (पायाची पकड बसवायच्या आटेदार धातूच्या नळ्यांची) भोकं झाली. वरखालचं काचकापड आणि ते चिकटवणारं इपॉक्सी बाकी.

लाकडाबद्दल आधी. वखारीत साग सहज मिळतो, पण तो घनमीटरला साधारण 650 किलो भरतो आणि अंगचं तेल असल्याने चिकटवताना दगा देतो. पॉपलर 450च्या आसपास, सरळ रेषेचं, म्हणजे सरळ तंतूंचं. गाठ असलेला तुकडा बिनदिक्कत बाजूला काढा, बोर्ड वाकला की मोडतो तो तिथूनच. कडेला बांबूच्या पट्ट्या लावल्या आहेत. त्यांची बाहेरची चकचकीत साल पूर्ण रंधून काढली, कारण तिच्यावर इपॉक्सी धरत नाही.

पट्ट्या 15 मिमी रुंद, 12 मिमी उंच, 165 सेंमी लांब, एकूण 20. शेजारच्या पट्टीची वार्षिक वलयं उलट्या दिशेला ठेवली. पाणी झेलणारा फेविकॉल, दर 15 सेंमीला शिकंजा, एक वरून तर पुढचा खालून. सगळे एकाच बाजूने आवळले तर पाट वाकतो. सगळ्यात जास्त फसगत होते ती यानंतर. डिंकातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगतं. दुसऱ्याच दिवशी रंधा मारला तर तो फुगवटा कापला जातो, आणि सुकल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक खाच पडते. म्हणून आठवडाभर थांबूनच रंधा मारला.

प्रोफाइल दोन उतरत्या पट्ट्यांवर सरकणाऱ्या राऊटरने (लाकूड कोरणाऱ्या यंत्राने). कोअर खाली दुहेरी टेपने पूर्ण चिकटवावाच लागतो. नुसता कडेने दाबला तर पातळ टोक उचलून पात्यात जातं आणि 2 ऐवजी 1.7 मिमी उरतं. हा फरक किरकोळ नाही. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे 1.7च्या जागी 2 मिमी राहिलं तर टोक सुमारे 63 टक्के जास्त ताठ. शेवटचे घास 0.5 मिमीचे घेतले. उलट्या रेषेच्या पट्ट्यांवर त्याहून खोल गेलं की ढलप्या उडतात. उरलेलं काम 60 नंबरच्या पॉलिश पेपरने, दर 10 सेंमीला व्हर्नियर लावून.

इन्सर्ट एम 6चे, पायाला 12. दोन रांगांत 40 मिमी अंतर, रांगेत 20 मिमी. बेसच्या (बर्फावर घसरणाऱ्या तळाच्या) बाजूने आधी फ्लँजचा, म्हणजे इन्सर्टच्या रुंद कडेचा, खळगा, मग आरपार भोक. खळगा उथळ राहिला तर बेसखाली फुगवटा दिसतो.

आता ओलावा. नाशिकच्या कोरड्या दिवसांत लाकूड 8 टक्क्यांवर बसतं, पावसाळ्यात 14 टक्क्यांच्या पुढे जातं. तेवढ्याने 280 मिमी रुंद कोअर 2 ते 4 मिमी रुंदावतो. असा फुगलेला कोअर काचकापडात बंद केला आणि बोर्ड गुलमर्गच्या कोरड्या थंडीत गेला, तर लाकूड आकसतं आणि कडेचा सांधा सुटू लागतो.

म्हणून कोअर पॉलिथिनमध्ये सीलबंद आहे. वजन 1290 ग्रॅम. साधारण 12 ग्रॅम वाढले म्हणजे 1 टक्का ओलावा चढला. दर रविवारी काट्यावर ठेवायचा. 1315च्या वर गेला, तर इपॉक्सी दिवाळीनंतरच.