बालदी, साबण आणि लिस्बनमधली एक आजी

पोर्तुगालची राजधानी लिस्बन, तिथे आम्ही चार दिवस होतो. पहिला झोपेत गेला, दुसरा बेलें नावाच्या भागात, तिसरा सिंत्राच्या राजवाड्यांच्या रांगांमध्ये, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. चौथ्या दिवशी ठरवलं की आज ट्राम नाही, मेट्रो नाही, टॅक्सी नाही, फक्त पायी. नवऱ्याला सगळं आधी मॅपवर आखून घ्यायचं असतं, पण त्या दिवशी तोही तयार झाला.

आधी बेलेंचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे जेरोनिमुश नावाच्या मोठ्या मठात वास्को द गामाची कबर आहे, पांढऱ्या दगडाची, वर तो हात जोडून झोपलेला. शाळेत १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला हे सगळ्यांनी पाठ केलंय, पण १५०२ च्या दुसऱ्या सफरीत त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं हे मला कुठल्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं. कबरीभोवती लोक सेल्फी काढत होते. मला तिथे पाच मिनिटं उभं राहवलं नाही, मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मठ सुंदर आहे, खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड बघून नवरा वेडा झाला होता, पण तो सगळा थाट मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून उभा राहिलाय हे एकदा डोक्यात शिरलं की नक्षी बघवत नाही. तो राग दोन दिवस माझ्या पोटात होता.

तर चौथा दिवस. रोसियूच्या चौकातून सुरुवात केली, तिथली जमीन काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटांची आहे, चालताना खरंच जमीन हलतेय असं वाटतं. लिस्बनचे फूटपाथ असेच, चुनखडीचे छोटे छोटे तुकडे हाताने एकेक बसवलेले. दिसायला अप्रतिम, पण वर्षानुवर्षं पाय लागून ते इतके गुळगुळीत झालेत की पाऊस पडला की साबण लावल्यासारखे होतात. मला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही जाणार असाल तर तळाला धड खाच असलेले बूट न्या, मी नेले नाहीत.

पुढे बाइशाचा भाग, सरळ सरळ रस्ते, एकसारख्या इमारती. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी भूकंप झाला, सणाचा दिवस होता म्हणून चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, भूकंपामागून समुद्राची लाट आली आणि मग आग कित्येक दिवस जळत राहिली. ही सगळी सरळ रेषेतली वस्ती त्यानंतर नव्याने बांधलेली. नदीकाठच्या मोठ्या चौकात कॉफी प्यायलो आणि मूड सुधारला.

मग चढण सुरू झाली. से नावाच्या जुन्या कॅथेड्रलपाशी पोचलो तेव्हा घंटा वाजायला लागली, आणि नवरा एकदम थांबला. तो वाईचा. म्हणाला, मेणवलीची घंटा आठवली. चिमाजी अप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली एक नाना फडणवीसांच्या मेणवलीत घाटावरच्या देवळात आहे, तिच्यावर १७०७ साल आणि मेरी आणि बाळ येशू आहेत. लहानपणी उडी मारून ती वाजवायचा म्हणे. घंटा थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

अल्फामात शिरलो आणि पाऊस आला. रिमझिमच, छत्री उघडावी की नको असा. अल्फामा म्हणजे भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली जुनी वस्ती, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील, मध्येच जिने, मध्येच कोणाच्या तरी दारातून मासे भाजल्याचा वास. त्या वासाने मला अगदी रत्नागिरीला नेलं आणि मी वर खिडकीकडे बघत बघत एका उतारावर पाय टाकला आणि सरळ घसरले. तळहात सोलला, गुडघ्यावर आपटले, जीन्स चिखलाने भरली. नवरा चार पायऱ्या वर होता.

समोरचं दार उघडं होतं. आत एक म्हातारी बाई स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. ती सुरी ठेवून "आय्, फिल्या!" म्हणत अशी धावत आली की जणू मी तिच्याच घरातली. फिल्या म्हणजे मुलगी, हे नंतर कळलं, पण तेव्हाही कळलं होतंच. तिने मला उंबऱ्यावर बसवलं, आत वळून कोणाला तरी मोठ्याने काहीतरी सांगितलं आणि त्यात मला एक शब्द स्वच्छ ऐकू आला. बाल्द.

आतून एक म्हातारे गृहस्थ लाल प्लॅस्टिकची बालदी घेऊन आले.

माझी आजी बादली कधीच म्हणायची नाही. कायम बालदी. "बालदी भर गो", "बालदी पालथी घाल". आम्ही मुंबईची नातवंडं हसायचो तिला. आणि इथे लिस्बनच्या एका गल्लीत माझ्या पायाशी तीच बालदी. मी हाताने दाखवून म्हटलं, "बालदी?" ती म्हणाली, "बाल्द, बाल्द", जसं काय मी चूक दुरुस्त करून घेतेय. मग तिने एक साबण आणला, वितभर लांब वडी, निळ्यापांढऱ्या रेघारेघांची, संगमरवरासारखी, एका कडेला अर्धी झिजलेली, वास अगदी आपल्या कपड्याच्या साबणाचा. "सबांव," ती म्हणाली आणि माझा तळहात स्वतःच्या हातात धरून त्या वडीने धुवायला लागली. झोंबलं. मी "साबण" म्हटलं आणि ती थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं असेल, मला वेळेचं भान नव्हतं. ती एकेका गोष्टीवर बोट ठेवायची, मी आपला शब्द सांगायचे. बटाट्यावर बोट, बताता, बटाटा, ती टाळ्या वाजवते. पाव, तिचं पांव. खिडकी दाखवली, जनेला, आणि मला परत आजीच आठवली, तिच्या घरात खिडकी नव्हतीच, जनेल होतं. टेबलावर हिरव्यागार मोठ्या पानांची जुडी होती, त्याला ती कोव् म्हणाली, मी म्हटलं कोबी, पण आपला कोबी गोल गड्डा, हे पान वेगळंच. तेच बटाट्यात घालून रात्रीचं सूप होणार होतं. नवऱ्याला अननस आठवला, अनानाश निघाला. आजोबा दारात उभे राहून नुसते हसत होते. त्यांनी विचारलं, "इंदिया? गोवा?" मी म्हटलं मुंबई. "आ, बोंबाइं!"

आपण हे शब्द रोज वापरतो. सकाळी उठल्यापासून बालदी, साबण, पाव, चावी. ते पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले हे मला माहीत होतं आणि त्याचा राग दोन दिवस मी बाळगून होते. तो गेला असं मी म्हणणार नाही, त्या कबरीपुढे आजही मी उभी राहणार नाही. पण माझ्या सोललेल्या हातावर पाणी घालणाऱ्या बाईचा त्या कबरीशी काय संबंध?

मग तिने चावी दाखवली. शाव्. पण तिची स्वतःची नाही, शेजारच्या दाराच्या गजाला लटकवलेल्या छोट्या काळ्या डब्या दाखवल्या, नंबर दाबून उघडायच्या, आत चावी. शाव्, तुरिश्ता, म्हणजे टुरिस्ट. पुढचं दार, तुरिश्ता. वरचा मजला, तुरिश्ता. तिचा आवाज बदलला. नवऱ्याने फोनवरचा ट्रान्सलेटर पुढे केला आणि ती त्यात सावकाश बोलली. गल्लीत आधी सगळी ओळखीची घरं होती, आता तीन उरलीत. भाडं परवडत नाही म्हणून मुलगी नदीपलीकडे राहायला गेली. रात्री बॅगांच्या चाकांचा आवाज येतो. मग तिने वर बघायला सांगितलं, कोणत्या खिडकीबाहेर कपडे वाळत आहेत ते मोजा म्हणाली. तिचीच धरून तीन.

आम्ही काही बोललो नाही. आमची खोलीही तशीच होती, ग्रासा नावाच्या टेकडीच्या उतारावर, काळ्या डबीतली चावी, बुकिंग करताना जनेलातून दिसणाऱ्या नदीचा फोटो बघून घेतलेली.

निघताना मी पर्स उघडून विचारलं, "पगार?" कारण पगार म्हणजे त्यांच्यात पैसे देणं, एवढं हॉटेलात शिकले होते. ती भडकलीच. "नांव, नांव, फिल्या!" म्हणत पर्स माझ्या हातात परत दाबली आणि दोन मोठे बटाटे घेऊन नवऱ्याच्या खिशात कोंबले.

नंतर पोर्ताश दु सोल, किल्ल्याची भिंत, ग्रासाचा तो प्रसिद्ध सूर्यास्त, सगळं झालं, गर्दी होती. मी पूर्ण वेळ वर खिडक्याच बघत होते.

रात्री खोलीत बटाटे उकडून मीठमिरी लावून खाल्ले. मग मी जीन्स बालदीत भिजवली, घासून धुतली आणि खिडकीबाहेरच्या रिकाम्या दोरीवर वाळत घातली. तिथे चिमटे होते, कोणी कधी वापरलेले दिसत नव्हते. खालून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, इथे कोणीतरी राहतं. सकाळी विमान होतं, जीन्स ओलीच होती, तशीच पिशवीत भरली.