न जुळलेला हॅश

आमच्या क्रिप्टो नाण्याचा कोड मुळात बिटकॉइनवरून घेतलेला. त्याची रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्यातले बदल ठेवायची जागा, मी अकरा वर्षं सांभाळली. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. एकेक जण आपापल्या व्यापात गेला आणि मी उरलो. रिलीज वेळेवर निघत होते, म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं.

मला वाटायला लागलं ते सप्टेंबर 2018 मध्ये. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य प्रोग्रामची 0.16.3 आवृत्ती तेव्हा तातडीने आली. आधी एवढंच कळलं, की एका दोषामुळे नोड, म्हणजे नेटवर्क चालवणारा संगणक, बंद पाडता येतो. दोन दिवसांनी खरं गांभीर्य बाहेर आलं: एकाच व्यवहारात तेच इनपुट, म्हणजे खर्चायची तीच नाणी, दोनदा वापरून शून्यातून नाणी तयार करता आली असती. तो कोड आमच्याकडे जसाच्या तसा होता. दुरुस्ती आणणं, तपासणं, बिल्ड (सोर्स कोडमधून चालणारी फाइल बांधणं), तिच्यावर माझ्या किल्लीने डिजिटल सही, एक्स्चेंज आणि मायनिंग पूलवाल्यांना कळवणं, हे सगळं मी त्या रात्री एकट्याने केलं, आणि अंगात ताप होता. मी उठूच शकलो नसतो तर, हा विचार त्यानंतर कधी गेला नाही.

तरीही काम सोपवायला इतकी वर्षं लागली, कारण भीती वाटत होती. त्याच 2018 मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या लेखकाने ती मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हवाली केली, आणि त्या माणसाने कोपे नावाच्या वॉलेटमधले बिटकॉइन चोरणारा कोड तिच्यातून आत सोडला. 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनात पेरलेल्या चोरवाटेचं प्रकरण उघडकीस आलं. तिथे तर ती पेरणाऱ्या इसमाने दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला होता. थकलेला मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा, हेच सावज असतं, आणि मी थकलो होतो.

शेवटी दोघांना निवडलं. ती वॉलेटचा कोड माझ्याहून चांगला जाणते. तो टेस्ट लिहिणारा, चिवट. दोघांचंही काम मी चार वर्षं ओळ न् ओळ पाहिलेलं. ठरलेल्या दिवशी तिघं कॉलवर बसलो. अधिकार शेवटी द्यायचे. आधी दोघांनी मागचा रिलीज आपापल्या मशीनवर नव्याने बिल्ड करायचा आणि हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा अक्षरांचा ठसा, प्रसिद्ध यादीशी ताडून पाहायचा. बिल्डची पद्धत अशी आहे, की त्याच सोर्समधून कुणीही बांधलं तरी फाइल बिट न् बिट सारखी यायला हवी.

त्या दोघांचे हॅश एकमेकांशी जुळले. यादीशी जुळेनात.

मी माझ्या मशीनवर बिल्ड केला. माझा जुळला. साहजिकच आम्ही त्यांच्या मशीनमध्ये खोट शोधू लागलो. कंपायलर, कॅश, डाउनलोड केलेल्या लायब्रऱ्या, सगळं उकरलं. दोन तास गेले. मग तिने विचारलं, “तुमच्याकडे हा टॅग कुठल्या कमिटवर आहे?”

टॅग म्हणजे रिलीजच्या नावाची खूण, कमिट म्हणजे कोडमधला नोंदवलेला एकेक बदल. कमांड दिली. माझ्या स्क्रीनवर कमिटची पहिली अक्षरं वेगळी होती.

आठ महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ तेव्हा आठवली. टॅग सार्वजनिक रिपॉझिटरीत गेला होता. मग लक्षात आलं, की दोन सीड सर्व्हर बंद आहेत. मी माझ्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता सीडच्या यादीत घातला, टॅग माझ्या मशीनवरच पुढच्या कमिटवर हलवला, बिल्ड केलं, सही केली. नवा टॅग वर ढकलताना नकार आला असणार, आणि ते तसंच राहिलं. एक ओळ. पण नवा नोड पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा बाकीचे नोड कुठे आहेत, हे तो सीडलाच विचारतो. तो सर्व्हर वाईट माणसाच्या हाती असता, तर नवख्या नोडला खोट्या शेजाऱ्यांमध्ये कोंडता आलं असतं. आठ महिने लोक माझी सही पाहून असा प्रोग्राम वापरत होते, ज्याचा सोर्स माझ्याशिवाय कुणी पाहिलाच नव्हता.

मी म्हणालो, “तो कमिट आत्ता वर टाकतो आणि टॅग हलवतो. दोन मिनिटांचं काम.”

“नको,” ती म्हणाली. “टॅग हलवला तर झालेलं झाकल्यासारखं होईल. लोकांना सांगा.”

तिचं बरोबर होतं. आणि माझ्या तोंडून ते आधी निघालं नाही, हे मला लागलं. त्याच दुपारी काय झालं ते मी तारखेसकट लिहून जाहीर केलं. नवा रिलीज त्या दोघांनी काढला, त्यांच्या दोन सह्यांनी. किमान दोन स्वतंत्र बिल्ड जुळल्याशिवाय फाइल प्रसिद्ध होणार नाही, हा नियम त्याच दिवशी झाला.

माझी सहीची किल्ली मी कुणालाच दिली नाही. ती देण्याची वस्तूच नव्हे. त्यांनी स्वतःच्या तयार केल्या, माझ्या किल्लीने त्यांच्यावर सही केली आणि माझी रद्द केली. समाजाचा निधी पाचांपैकी तीन सह्यांच्या मल्टिसिग पत्त्यावर आहे. त्यातली एक किल्ली नुसती बदलता येत नाही, म्हणून नवा पत्ता करून सगळा निधी तिकडे हलवला.

सर्वांत शेवटी विश्वासू किल्ल्यांच्या यादीतून माझी ओळ काढायची होती. ती पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, मीच उघडली. तिने मंजुरी दिली. तो थांबला. म्हणाला, “फिंगरप्रिंट वाचून दाखवा, मी इथे पाहतो. चुकून भलतीच ओळ जायला नको.” किल्लीच्या त्या ओळखखुणेची चाळीसही अक्षरं मी चार-चारच्या गटाने वाचली. प्रत्येक गटाला तो “हो” म्हणत होता. दहाव्या “हो”नंतर त्याने बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केला.