स्टिंग-रे मोठ्या माणसासाठी : सीट, क्रँक आणि उरलेलं हँडल

पोरांची ही छोटी सायकल मोठ्या माणसाला चालवता येईल अशी करायची होती. फ्रेमला करवत नाही, वेल्डिंग नाही, ही अट मी आधीच घालून घेतली होती. जे करायचं ते नट-बोल्टनेच. उद्या मनात आलं तर सायकल पुन्हा दहा वर्षांच्या पोराच्या हातात देता आली पाहिजे. मूळचे सगळे सुटे भाग म्हणूनच ग्रीस लावून, चिठ्ठ्या चिकटवून एका डब्यात ठेवलेत.

सायकल श्विन कंपनीची स्टिंग-रे, एका गिअरची, मागे कोस्टर ब्रेक, म्हणजे पायडल उलटं दाबलं की लागणारा. मागच्या डाव्या ड्रॉपआउटवरचा (चाकाचा ॲक्सल जिथे बसतो त्या खाचेच्या पत्र्यावरचा) नंबर ‘सीई’ने सुरू होतो. १९६५ पासूनच्या श्विनवर पहिलं अक्षर महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं, म्हणजे ही मार्च १९६९ची. शिकागोतच बनली आणि शिकागोच्याच एका उपनगरातल्या गराज सेलमधून माझ्याकडे आली. कॅलिफोर्नियातली पोरं वीस इंची सायकलींना उंच हँडल आणि लांबडी सीट जोडून फिरतात हे कळल्यावर श्विनच्या ॲल फ्रिट्झने १९६३ मध्ये हे मॉडेल काढलं. मुळातच जुगाडातून जन्मलेली सायकल, त्यामुळे तिच्यावर आणखी जुगाड करताना हात थरथरत नाही.

खरी डोकेदुखी सीटची. सगळे म्हणतात, लांब सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) घाला आणि विषय संपवा. तसं होत नाही. सीटची नळी मागे कललेली आहे. पोस्ट जितका वर काढाल तितके तुम्ही मागे जाता, आणि मागचा ॲक्सल तर जवळपास बुडाखालीच असतो. जरासा चढ लागला की पुढचं चाक उचललं जातं. पोरांना त्याचीच मजा होती, ऐंशी किलोच्या माणसाला ती परवडत नाही.

शिवाय केळ्याच्या आकाराची ही सीट दोन ठिकाणी टेकते, पुढे पोस्टवर आणि मागे ॲक्सलवरून वर आलेल्या दांडीवर. नुसता पोस्ट वाढवला तर सीटचं नाक आभाळाकडे जातं. म्हणून १३/१६ इंच जाडीचा लांब लोखंडी पोस्ट आणला, नवी उंच दांडी आणली आणि भोकं त्या नव्या दांडीलाच पाडली. मागची बाजू बोटभर जास्त वर ठेवली. मग नव्या सीटचं कव्हर उसवून मागच्या अर्ध्या भागात घट्ट फोमचा उंचवटा भरला. आता माणूस आपसूक पुढच्या अर्ध्यावर बसतो आणि पुढचं चाक जमीन सोडत नाही. दिसायला मात्र अजून तीच डबलसीट.

क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना लागतात ते हात, त्या मानाने सोपं. आपल्याकडच्या ॲटलस-हीरोसारखी कॉटर पिन इथे नसते, दोन्ही हात आणि मधला दांडा मिळून एकच वाकवलेला तुकडा असतो. डावं पायडल, डावा नट आणि त्याच्या आतला बेअरिंगचा कोन (शंकूसारखा नट), तिघांनाही उलटे आटे. हे माहीत नसलेला माणूस पाना लावून लटकतो आणि नट आणखी घट्ट करून बसतो. पुढे अख्खा क्रँक उजवीकडून वळवत बाहेर काढायचा. मी १६५ मिमी लांबीच्या हातांचा टाकला. १७५चाही बसतो, पण मग वळणावर पायडल रस्त्याला घासायची भीती. श्विनच्या क्रँकला इंचात २८ आटे असतात आणि इतर बहुतेकांना २४, त्यामुळे जुने कोन नव्यावर चढत नाहीत. नव्या क्रँकसोबतचेच वापरा. जुनं चेनव्हील (चेनचं दातेरी चाक) मात्र निमूट बसलं. पायडल रुंद घ्या, पण अर्धा इंची आट्याचंच. नेहमीचं ९/१६वालं यात जात नाही.

फ्रेमची काळजी नाही, श्विनची इलेक्ट्रो-फोर्ज्ड जोडणी, म्हणजे विजेने तापवून दाबून केलेली, दणकट असते. मला धास्ती ब्रेकची. एकटा कोस्टर ब्रेक पोरासाठी ठीक होता. पुढच्या चाकाच्या चिमट्याला ब्रेक बसवल्याशिवाय ही सायकल गल्लीबाहेर जाणार नाही.

आणि गुडघे. सीट वर गेल्यावर वळताना ते हँडलला लागतात. उंच स्टेम (हँडल धरणारा दांडा) हवा, पण श्विनच्या चिमट्यात २१.१ मिमीचा जातो आणि दुकानातले बहुतेक २२.२चे. एक मिलिमीटरचा तर फरक म्हणून कोणी ठोकून बसवायला सांगेल, ऐकू नका, नळी फाटते. मापाचा स्टेम मिळेपर्यंत हँडल पुढे कलवून भागवतोय.